गोझे कशी चाखावी: धने-मीठ घातलेल्या आंबट बिअरशी पहिली ओळख

मागच्या जूनमध्ये मामा पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत लाइपझिगला आले होते. एका संध्याकाळी त्यांना गोलिस भागातल्या एका जुन्या बिअरच्या बागेत घेऊन गेले. उंच, सरळ ग्लासात गढूळ पिवळसर बिअर आली. मामांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "अगं, ह्यात मीठ पडलंय." मी म्हटलं, "मामा, अजून एक घ्या." दुसऱ्या घोटाला म्हणाले, "धने आहेत का गं?" तिसऱ्या घोटानंतर बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मठ्ठा. पंगतीतला मठ्ठा आठवतोय मला. फक्त ताक काढून घेतलेला."

मामांना त्या बिअरबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी तिच्यात जे आहे ते त्यांनी तीन घोटांत बरोबर ओळखलं: मीठ, धने आणि दह्याच्या जातीचा आंबटपणा. माझे जर्मन सहकारी पहिल्यांदा गोझे पिताना तोंड वाकडं करतात, कारण पेयात मीठ ही गोष्टच त्यांना नवी असते. आपण मात्र लहानपणापासून लिंबू सरबत, मठ्ठा, सोलकढी, कैरीचं पन्हं पीत आलोय. आपल्या जिभेला ही बिअर परकी नाही, आणि त्या जुन्या ओळखीचा हात धरूनच ती चाखावी असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी आजवर फक्त नेहमीची पिवळी, कडवट लागर प्यायली आहे आणि आता गोझेची बाटली समोर आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. जे पीत नाहीत त्यांनी सुरुवात करावी असा ह्यात कुठलाही आग्रह नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, ती पाळायची. गोझेत गहू आणि जव दोन्ही असतात, त्यामुळे ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी लांब राहायचं. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि चाखायला बसलात की गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यायची.

गोझे म्हणजे काय

उच्चार करताना 'माझं'मधला झ घ्या आणि शेवटचा स्वर अर्धवट सोडून द्या. नाव आलंय ते हार्ट्‌झ डोंगररांगेतल्या गोसलार गावाजवळून वाहणाऱ्या गोझे नावाच्या छोट्या नदीवरून. गोसलार हे खाणींचं गाव. रामेल्सबर्गची खाण आणि गोसलारचं जुनं गाव १९९२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या पाण्यातच खनिजं आणि खारटपणा होता, म्हणून बिअर खारट लागायची, असं सांगतात. पुढे ही बिअर लाइपझिगला आली आणि तिथेच तिचं खरं कौतुक झालं.

मधल्या काळात ती जवळजवळ संपली होती. हाले शहराजवळच्या ड्योल्निट्झची मोठी गोझे ब्रुअरी १९४५ नंतर बंद पडली. १९४९ पासून लाइपझिगमधल्या एका छोट्या ब्रुअरीनं कशीबशी परंपरा चालू ठेवली, पण १९६६ साली तीही थांबली. त्यानंतर वीस वर्षं ही बिअर फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरली. लोथार गोल्डहान नावाच्या माणसानं गोलिसमधली १८९९ सालची जुनी गोझेची खानावळ पुन्हा उभी करायला घेतली आणि तिथे गोझेच मिळाली पाहिजे असा हट्ट धरला. जुन्या लोकांना चव विचारून विचारून कृती जुळवली, पूर्व बर्लिनमधल्या ब्रुअरीकडून बिअर बनवून घेतली आणि १९८६ मध्ये ती पुन्हा लोकांच्या हातात आली. पुढे २००० साली लाइपझिगच्या जुन्या बायरिशर बानहोफ रेल्वेस्थानकात गोझे बनवणारी ब्रुअरी सुरू झाली. आज मिळणारी गोझे ह्या पुनर्जन्मातली आहे. जी चव आपण चाखतोय ती कुणाच्या तरी आठवणीतून परत आणलेली आहे, हे माहीत असलं की पहिला घोट जरा सावकाश घेतला जातो.

त्या खानावळीचं नाव 'ओने बेडेंकेन'. एका गिऱ्हाईकानं वेटरला विचारलं, ही पिता येईल ना? वेटर म्हणाला, "ओने बेडेंकेन!", म्हणजे खुशाल प्या. तेच नाव पडलं, अशी गोष्ट इथे सांगतात.

बनवायची रीत थोडक्यात अशी. साधारण निम्मा गव्हाचा माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि निम्मा जवाचा. त्यात लॅक्टोबॅसिलस जिवाणूंनी आंबटपणा आणायचा. दही लावताना विरजण जे करतं तेच काम हे जिवाणू करतात, आणि तयार होतं तेही तेच, लॅक्टिक आम्ल. मग उकळताना शेवटी शेवटी भरडलेले धने आणि मीठ घालायचं. बहुतेक कृतींमध्ये लिटरमागे मीठ आणि धने दोन्ही साधारण एक ग्रॅमच्या आसपास असतात. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, अगदी नावाला, त्यामुळे कडवटपणा जवळजवळ नाहीच. मद्यार्क साडेचार टक्क्यांच्या आगेमागे. जर्मनीत बिअरमध्ये काय घालावं ह्याचा बव्हेरियातला १५१६ चा प्रसिद्ध नियम १९०६ पासून देशभर लागू झाला. धने-मीठ त्यात कुठेच बसत नाहीत. गोझेला प्रादेशिक खासियत म्हणून सूट मिळते.

बाटली उघडायच्या आधी: खलबत्ता आणि दोन ग्लास सरबत

हा भाग टाळू नका. बिअर चाखण्यापेक्षा इथे जास्त शिकायला मिळतं आणि खर्च काहीच नाही.

डब्यातले चमचाभर धने घ्या. भाजू नका. खलबत्त्यात दोन-तीनदा हलकेच ठेचा, पूड करू नका. लगेच नाकाशी धरा. रोजच्या धनेपुडीचा वास इथे नाही. इथे संत्र्याची साल आहे, थोडं फुलासारखं काहीतरी आहे, मागे किंचित मिरपुडीची झाक आहे. धन्यातलं मुख्य सुगंधी द्रव्य लिनालूल. तेच लॅव्हेंडरमध्ये असतं आणि काही हॉप्समध्येही असतं, म्हणून धने बिअरमध्ये इतके सहज मिसळतात. आता दुसरा चमचाभर धने तव्यावर मंद आचेवर भाजून ठेचा. खमंग, शेंगदाण्यासारखा, आमटीच्या मसाल्याचा वास येईल. फुलं आणि संत्रं निघून गेलेली असतील. गोझेत पहिला वास शोधायचा आहे, दुसरा नाही. आपल्या नाकाला धने म्हटलं की भाजलेल्या मसाल्याची सवय असते. त्यामुळे नवखा माणूस ग्लासात मसाल्याचा वास शोधत बसतो, तो सापडत नाही, आणि 'ह्यात धने कुठे आहेत?' म्हणून निराश होतो.

तुमच्याकडे कुठले धने आहेत तेही बघा. आपले भारतीय धने मोठे आणि जरा लांबट असतात, त्यांत तेल कमी असतं आणि गंध सौम्य. पूर्व युरोपातले धने बारीक, गोल, तेलानं भरलेले. एकच कृती, पण धने बदलले की बिअरचा वास बदलतो.

आता मीठ. दोन ग्लासांत सारखंच लिंबू सरबत करा, साखर बेताची. एकात मीठ नाही, दुसऱ्यात पाव लिटरला अगदी लहान चिमूट मीठ. आधी बिनमिठाचं, मग मिठाचं प्या. दुसरं खारट लागतं का? प्रमाण बरोबर असेल तर नाही लागत. ते भरलेलं लागतं. लिंबू उठून येतं, टोचणं कमी होतं, घोट गिळल्यावर तोंडाला पुन्हा पाणी सुटतं. गोझेतल्या मिठाचं काम तेवढंच आहे. ज्या गोझेचा पहिला घोट समुद्रात गटांगळी खाल्ल्यासारखा लागतो, ती बनवणाऱ्याचा हात सैल सुटलाय असं समजा.

बाटली निवडताना

लेबलवर घटक वाचा. गव्हाचा माल्ट, धने आणि मीठ ही तिन्ही नावं हवीत. जर्मन बाटलीवर धन्यांना 'कोरिआंडर' आणि मिठाला 'झाल्ट्‌झ' लिहिलेलं दिसेल. पहिल्या खेपेला फळं घातलेली गोझे घेऊ नका. रास्पबेरी, पॅशन फ्रूट, आंबा, कलिंगड, काय वाट्टेल ते घालून हल्ली गोझे बनवतात, काही छानही असतात, पण फळ घातलं की धने आणि मीठ दोघंही त्याच्या मागे लपतात. साधी गोझे एकदा जिभेवर बसू द्या.

तारीख बघा. ही ठेवून मुरवायची बिअर नाही, धन्यांचा वास आधी उडतो. आणि बाटली दुकानात कुठे ठेवलीय ते बघा. माझी पहिली गोझे एका दुकानाच्या काचेच्या खिडकीत, उन्हात, कोण जाणे किती महिने उभी होती. घरी आणून उघडली तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. गोझे अशीच असते असं मी धरून चालले आणि वर्षभर तिच्या वाटेला गेले नाही. म्हणून सांगते, शीतकपाटातली किंवा निदान सावलीतली, तपकिरी काचेची बाटली घ्या.

घरी आणल्यावर बाटली उभी ठेवा, आडवी नको. तळाशी यीस्टचा गाळ बसतो, तो बसू द्या. जुन्या काळी गोझे लांब मानेच्या बाटलीत भरायचे आणि वर बूच लावायचेच नाहीत. आंबताना वर आलेलं यीस्ट मानेत जमून घट्ट होई आणि तेच बूच बने. लाइपझिगमध्ये अशा जुन्या बाटल्या अजून पाहायला मिळतात.

थंडी, ग्लास, ओतणं

सहा ते आठ अंश हवं. थर्मामीटर लागत नाही. फ्रिजमधून काढून इथल्या हवेत दहा-बारा मिनिटं, पुण्याच्या मे महिन्यात पाच मिनिटं पुरे. बर्फासारखी गार बिअर जीभ बधिर करते आणि वास बाहेर येऊ देत नाही. ग्लासही फ्रीझरमध्ये ठेवू नका.

ग्लास सरळ आणि उंच असेल तर उत्तम, नसेल तर घरातला काचेचा पाण्याचा पेला चालेल. स्टीलचा नको, कारण रंग दिसत नाही. ग्लासात भांड्यांच्या साबणाचा अंश राहता कामा नये. धुतल्यावर नुसत्या गार पाण्यानं दोनदा विसळा, फडक्यानं पुसू नका, उपडा ठेवून निथळू द्या.

ग्लास तिरका धरून अर्धी बाटली हळू ओता. मग ग्लास सरळ करा, बाटलीत उरलेलं हलकेच गोल फिरवा म्हणजे गाळ उठेल, आणि थोडं वरून ओता. फेस पांढरा, बारीक बुडबुड्यांचा येईल आणि लवकर बसेल. आंबट बिअरमध्ये फेस फार टिकत नाही. त्यात दोष नाही. रंग फिकट पिवळा, थोडा गढूळ, पातळ केलेल्या लिंबू सरबतासारखा.

नाक

ग्लास नाकाखाली धरून एकच मोठा श्वास घेऊ नका. फुलाचा वास घेतो तसे छोटे छोटे दोन-तीन हुंगे घ्या, मग ग्लास बाजूला करा, स्वतःच्या मनगटाचा वास घ्या आणि पुन्हा हुंगा. मनगटाचा वास आपल्या नाकाला ओळखीचा असतो, त्यामुळे नाक परत शून्यावर येतं. अत्तर विकणारेही हे करायला सांगतात.

काय शोधायचं? आधी आंबटपणा: लिंबू, किंवा सकाळच्या ताज्या दह्याचा. मग ओल्या कणकेसारखा, पावाच्या पिठाचा वास, तो गव्हाचा आणि यीस्टचा. ह्या दोघांच्या मधून धने. खलबत्त्यातला तो संत्र्याच्या सालीचा वास आठवत असेल तर तो इथे पुसटसा भेटेल. मिठाला वास नसतो, तरी चांगल्या गोझेत किनाऱ्यावरच्या वाऱ्यासारखं काहीतरी जाणवल्याचा भास होतो. मला होतो, सगळ्यांनाच होत नाही.

काही वास आले तर सावध व्हा. साबणाचा वास म्हणजे धने जास्त झाले. उकडलेल्या भाजीसारखा किंवा हॅमसारखा वास हाही धन्यांचाच दोष, शिळे किंवा चुकीचे धने वापरल्याचा. भिजलेला पुठ्ठा म्हणजे बिअर जुनी झाली किंवा हवा लागली. आणि जुनाट चीज किंवा ओकारीसारखा वास आला तर आंबवताना दुसरेच जिवाणू घुसलेत. तशी बाटली निमूट ओतून द्यायची, 'ही चव कळायला वेळ लागतो' अशी स्वतःची समजूत घालायची नाही.

घोट

पहिला घोट सोडून द्या. तोंडात चहाची, सुपारीची, टूथपेस्टची चव असते, ती धुऊन निघायला एक घोट लागतो. शिवाय आंबट-खारटाचा धक्का पहिल्या घोटाला बसतोच, त्यावर मत बनवू नका. मामांनी पहिल्या घोटाला फक्त मीठ ओळखलं ते ह्यामुळेच.

दुसरा घोट मोठा चमचाभर घ्या. तीन-चार सेकंद तोंडात फिरवा, जिभेखालीसुद्धा जाऊ द्या, मग गिळा. गिळल्यावर तोंड मिटूनच नाकानं श्वास बाहेर सोडा. सगळ्यात महत्त्वाचा क्षण तो, कारण धने तेव्हा येतात. घशातून नाकात मागच्या बाजूनं जो वास चढतो, ती अर्धी चव असते. सर्दी झाल्यावर जेवण सपक का लागतं, ते ह्यावरून कळेल.

तिसरा घोट घेताना क्रमाकडे लक्ष द्या. माझ्या जिभेवर क्रम असा लागतो: आधी आंबट, लगेच बुडबुड्यांची चुरचुर, मग मध्ये थोडी गव्हाची गोडसर मऊ जागा, शेवटी मीठ, आणि गिळल्यावर धने. तुमचा क्रम वेगळा लागू शकतो, तो लिहून ठेवा. आंबट कुठल्या जातीचं आहे तेही बघा. लिंबाचं आंबट पटकन येऊन टोचून जातं, चिंचेचं रेंगाळतं, कोकमाचं थोडं तुरट असतं. गोझेचं आंबट दह्याचं आहे. ते गोलसर आहे आणि गालांच्या आतल्या बाजूला जास्त जाणवतं. लिंबासारखं चुकचुकायला लावणारं आंबट असेल तर बनवणाऱ्यानं वरून काही आम्ल घातलं असण्याची शक्यता आहे.

दोन घोटांच्या मध्ये साधं पाणी आणि पोळीचा कोरडा तुकडा, किंवा पाव. चकली, शेव, फरसाण चाखायच्या वेळी नको. त्यातलं मीठ आणि ओवा-तिखट सगळा हिशेब बिघडवतात. ते नंतर.

एका बैठकीला एकच गोझे चाखा, फार तर दोन, आणि दोन असतील तर कमी आंबट आधी. आंबट बिअर एकामागून एक चाखली की जीभ थकते आणि पोटातही जळजळतं. शेवटचा घोट ग्लासात राखून ठेवा. तो कोमट व्हायला लागला की पुन्हा चाखा. थंड असताना लपलेला गहू आणि धने तेव्हा उघडे पडतात. दोष असला तर तोही.

वहीत काय लिहायचं

चाखून झाल्यावर लोक अडतात ते शब्दांपाशी. बिअरबद्दल बोलायचं तर इंग्रजीच लागतं असा समज झालाय, आणि मग सगळ्यांच्या वहीत तेच तीन-चार उसने शब्द दिसतात. मला हे बघवत नाही, कारण चवीचे शब्द मराठीत इतके आहेत की वही पुरणार नाही. आंबटसर, आंबूस, आंबटढाण हे तीन वेगळे आहेत आणि गोझेच्या बाबतीत तिन्ही लागतात. आंबटसर म्हणजे बेतशीर, आंबूस म्हणजे उतरल्यासारखं वाटायला लागलेलं, आंबटढाण म्हणजे दात आंबवणारं. मीठ कमी असेल तर अळणी, जास्त झालं तर खारट. अंग नसेल तर पाणचट. सगळं आहे पण कशातच जीव नाही, तर मिळमिळीत. जीभ आखडली तर तुरट. जास्त भाजलेल्या धान्याची चव आली तर करपट, जी गोझेत येऊ नये.

आणि आठवणी लिहा. माझ्या वहीत एका गोझेपुढे लिहिलंय, 'उन्हाळ्यात माठातलं पाणी, त्यात लिंबाची साल पडलेली'. दुसऱ्या एकीपुढे, 'आजीच्या कैरीच्या लोणच्याची बरणी उघडल्यावर, मसाला वगळून'. दोन वर्षांनी वाचलं तरी ती चव जिभेवर परत येते. मामांचा 'ताक काढून घेतलेला मठ्ठा' मी त्याच रात्री तारखेसकट लिहून घेतला.

नोंदीत एवढं असू द्या: नाव, तारीख, कुठे घेतली, किती थंड होती, चवींचा क्रम, आणि पुन्हा घ्याल की नाही.

सोबत काय खावं

तळलेले मासे. रवा लावून तळलेला बोंबील किंवा कोळंबी आणि गोझे, ह्यापुढे मला दुसरं काही सुचत नाही. माशावर लिंबू पिळतो आणि मीठ भुरभुरवतो, इथे दोन्ही ग्लासातच असतं. मासे नसतील तर साबुदाणा वडा, कांदा भजी, अळूवडी. तेलकटपणा आंबटानं कापला जातो. झणझणीत रश्शाबरोबर मात्र घेऊ नका. मद्यार्क आणि बुडबुडे तिखटाची आग वाढवतात आणि धने तर गायबच होतात. इथे जर्मनीत वसंतात पांढरं शतावरीचं पीक येतं, त्या उकडलेल्या कोंबांबरोबर गोझे फार सुरेख लागते.

लाइपझिगच्या खानावळीत गोझे मागितली की सरबताचा पाक घालू का असं विचारतात, लाल रास्पबेरीचा किंवा हिरवा 'वाल्डमाइस्टर' नावाच्या रानवनस्पतीचा. कॅरवे, म्हणजे विलायती जिऱ्याची, दारू घालून प्यायचीही जुनी पद्धत आहे, आणि त्या मिश्रणाला 'छत्री' म्हणतात. पहिला ग्लास साधाच घ्या. दुसऱ्याला हवं ते घाला.

ह्यानंतर कुठली बाटली

गोझे जमली की बेल्जियमची विटबिअर, म्हणजे गव्हाची पांढरट बिअर घ्या. तिच्यातही धने आहेत, पण मिठाच्या जागी वाळवलेली संत्र्याची साल आहे आणि आंबटपणा फार कमी. तीही एकदा संपत आलेली होती. हुगार्डन गावातली शेवटची ब्रुअरी बंद पडल्यावर पिअर सेलिस नावाच्या, आधी दुधाचा धंदा करणाऱ्या माणसानं १९६० च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. हुगार्डन भारतातही मिळते. दोन्ही शेजारी ठेवून चाखा, म्हणजे धन्यांचा स्वतःचा स्वर कुठला आणि मिठाचा कुठला हे वेगळं कळेल.

पुण्यात असाल तर तुमचं नशीब चांगलं आहे. २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून पुण्यात ताजी बिअर बनवणारे बरेच झालेत, आणि ग्रेट स्टेट एल वर्क्सची मिठाची कोकम एल (एल हा बिअरचाच एक प्रकार) ही गोझेच्या घराण्यातली आहे. कोकणातलं फळ ह्या जुन्या जर्मन चालीत इतकं नेमकं बसलंय की मी सुट्टीवर आले की आधी तिची चौकशी करते. तिच्यात आंबटाला कोकमाची तुरट कड आहे. सोलकढी ज्याच्या घरात रोज होते त्याला ती लगेच सापडेल.

बाटली संपली नाही तर झाकण परत लावून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी बुडबुडे जातात आणि नुसतं खारट-आंबट पाणी उरतं. त्यापेक्षा त्याच संध्याकाळी अर्धी वाटी बेसन आणि दोन चमचे तांदळाच्या पिठात उरलेली गोझे घालून भज्यांचं पीठ भिजवा. बुडबुड्यांमुळे भजी हलकी होतात. मीठ मात्र नेहमीपेक्षा कमी घाला, कारण थोडं आधीच पडलेलं आहे.